व्हिटॅमिन डी आठवड्याला की रोज, हे नीट लिहा
लेखात म्हटलंय की पावसाळ्यातल्या सर्दी-तापापासून वाचायला सी, डी आणि झिंकच्या गोळ्या सुरू करा, पण डोस कुठेच दिलेला नाही आणि मला त्याचीच काळजी वाटते. आमच्या बाबांना डॉक्टरांनी डी ची 60,000 युनिटवाली गोळी आठवड्यातून एक अशी आठ आठवडे लिहून दिली होती, मेडिकलवाल्याने पाकिटावर काहीच लिहिलं नाही आणि बाबा रोज एक घेत राहिले, जवळपास दोन महिने, मग उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, आम्हाला वाटलं पित्त झालंय, तपासलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं आणि क्रिएटिनिनपण, म्हणजे किडनीवर ताण आलेला. अ‍ॅडमिट करावं लागलं. डी चरबीत साठतं हो, जास्तीचं सी जसं लघवीतून निघून जातं तसं हे जात नाही!

आणि सी चं म्हणाल तर 2013 च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा) रोज घेऊनही सर्वसाधारण लोकांना सर्दी व्हायची कमी झाली नाही, फक्त सर्दीचे दिवस थोडे कमी झाले, मोठ्यांमध्ये साधारण 8 टक्क्यांनी. मॅरेथॉन धावणाऱ्यांना मात्र खरंच फायदा दिसला. घरात आवळा, पेरू, लिंबू असताना एवढ्यासाठी वर्षभर गोळ्या कशाला?

साठीच्या पुढच्यांना, डायबिटीसवाल्यांना फ्लूची लस दरवर्षी घ्यायला सांगा ना, त्याबद्दल लेखात एक ओळसुद्धा नाही. आणि प्लीज तो डोस तेवढा अ‍ॅड करा.