प्रतिक्रियेला उत्तर: मिशिगनची प्रायमरी आणि माझ्या वडिलांचं तिकीट

नमस्कार. 'एक जुना कार्यकर्ता, लातूर' एवढीच सही तुम्ही केली आहे, त्यामुळे नावाने हाक मारता येत नाही. पण प्रतिक्रिया इतकी मनापासून लिहिली आहे की दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला जमणार नाही.

2018मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी (तिथे हा राज्याचा निवडून आलेला प्रमुख) डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच मत देऊन ठरवायची निवडणूक. त्यात बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीचे उद्योजक श्री ठाणेदार उतरले होते. त्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिता की उमेदवार मराठी म्हणून मी हुरळून गेले, खरं तर तो नुसता पैशाचा खेळ होता. पक्षाने घरातली भांडणं चव्हाट्यावर आणून विरोधकांना आयतं हत्यार का द्यावं, असंही तुम्ही विचारता. आणि शेवटी, लातूरला 2014मध्ये काँग्रेस पक्षाने केलेला हाच प्रयोग सपशेल पडला, तर हे अमेरिकेचं कौतुक आम्हाला कशाला.

आधी माझी चूक. प्रायमरीत 'पक्षाचे सदस्य' मत देतात असं मी लिहिलं होतं, ते तुम्ही बरोबर पकडलंत. मिशिगनमध्ये मतदाराची पक्षवार नोंदणीच होत नाही. ऑगस्टमध्ये एकच मतपत्रिका हातात येते. तिच्यावर डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन असे वेगळे रकाने असतात. कुठल्या रकान्यात खुणा करायच्या ते तुम्ही पडद्याआड ठरवता, कुणी विचारत नाही. मात्र दोन्ही रकान्यांत खुणा केल्या तर पक्षांची सगळी मतं बाद. 7 ऑगस्टला शाळेच्या व्यायामशाळेत उभी राहून मी माझा रकाना निवडला, तेव्हा मी कुठल्याच पक्षाची पावती फाडलेली नव्हती. हे स्वतः अनुभवूनही लेखात चुकीचं लिहिलं, याबद्दल क्षमस्व. दुरुस्ती केली आहे.

आता पैसा. ठाणेदारांनी स्वतःचे सुमारे 1 कोटी डॉलर ओतले हे खरं आहे, आणि लेखात मी ते ओझरतं सांगितलं हा माझा दोषच. फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात त्यांची जाहिरात झळकली. पुढे काही जनमत चाचण्यांत ते आघाडीवरही होते. मग काय झालं? वर्तमानपत्रांनी त्यांचा सगळा इतिहास उपसला. 2010मध्ये त्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत कुत्री आणि माकडं मागे राहिली होती. तो विषय घराघरात पोचला. वादविवादांत ग्रेचेन व्हिटमर आणि अब्दुल एल-सय्यद या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या शेजारी उभं राहून त्यांना उत्तरं द्यावी लागली. आरोग्यविमा सरकारने सगळ्यांना द्यावा का, यावर तिघांची कसोटी लागली. ऑगस्टमध्ये व्हिटमर यांना जवळपास 5 लाख 88 हजार मतं मिळाली, एल-सय्यद यांना 3 लाख 42 हजार, ठाणेदारांना 2 लाख. म्हणजे एका मतामागे साधारण 50 डॉलर खर्च करूनही तिसरा क्रमांक. पैशाने ओळख मिळाली, उमेदवारी मिळाली नाही. पैसा बिनमहत्त्वाचा आहे असं मी म्हणत नाही. त्याच्याशिवाय ते तीन जणांत उभेच राहू शकले नसते, आणि ज्याच्याकडे तो नाही त्याच्यावर हा अन्यायच आहे. पण तिथे पैसा कोणी, किती घातला हे सगळ्यांना दिसत होतं आणि शेवटचा शब्द मतदाराचा होता. तिकिटासाठी आपल्याकडे पैसा कुणाच्या खोलीत, कुणाच्या हातून फिरतो हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलं असेल.

मराठीपणाबद्दल. हो, मला आनंद झाला होता. मतपत्रिकेवर 'ठाणेदार' हे नाव वाचताना डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवणार नाही. पण त्या आनंदाची दुसरी बाजू मला 2022मध्ये कळली. ठाणेदार तोवर डेट्रॉईटमधून राज्याच्या विधिमंडळात निवडून आले होते आणि आता अमेरिकेच्या संसदेच्या (तिला तिथे काँग्रेस म्हणतात) 13व्या मतदारसंघातून प्रायमरी लढवत होते. नऊ उमेदवार होते. ठाणेदार सुमारे 28 टक्के मतांवर जिंकले. तिथे दुसरी फेरी नसते, ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो उमेदवार. डेट्रॉईटमध्ये चारातले तीन लोक कृष्णवर्णीय आहेत, आणि 1955पासून पहिल्यांदाच त्या शहराचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये उरला नाही. माझ्या कामावरची डेट्रॉईटमध्येच वाढलेली एक मैत्रीण दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझा आनंद मला समजतो, पण माझ्या आजीला आज रडू आलं." मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. मतं फुटली की बहुसंख्यांना नको असलेला उमेदवार पुढे येऊ शकतो, हा या पद्धतीतला खरा खड्डा आहे. तुमच्या प्रतिक्रियेत हा मुद्दा नव्हता, पण पैशापेक्षा तो मला जड वाटतो.

घरातल्या भांडणाचं म्हणाल, तर ते जगापुढे झालं, हे खरं. व्हिटमर यांचे वडील एका मोठ्या आरोग्यविमा कंपनीचे प्रमुख होते, आणि त्या कंपनीशी असलेल्या जवळिकीवरून एल-सय्यद यांनी व्हिटमर यांना धारेवर धरलं. पण निकालानंतर हरलेले दोघेही व्हिटमर यांच्या मागे उभे राहिले, आणि नोव्हेंबरमध्ये त्या जवळपास साडेनऊ टक्क्यांच्या फरकाने निवडून आल्या. शिवाय एका पक्षाच्या प्रायमरीत ज्याचं नाव छापलं गेलं, त्याला त्याच निवडणुकीत दुसऱ्या पक्षाकडून उभं राहता येत नाही, असा मिशिगनचा कायदाच आहे. आपल्याकडे काय होतं? एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, एकाला मिळाला की दुसरा रात्रीतून दुसऱ्या पक्षात जातो, नाहीतर अपक्ष उभा राहतो. मग माघारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत पक्षाचे नेते बंडोबांच्या दारात मनधरणी करत बसतात. भांडण दोन्हीकडे आहे. आपल्याकडे ते उमेदवारी जाहीर झाल्यावर सुरू होतं आणि प्रचार संपेपर्यंत धुमसत राहतं.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण हा सगळा लेख त्यांच्यामुळे लिहिला गेला. ते सांगली जिल्ह्यात एका पक्षाचे कार्यकर्ते होते. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण कुठल्याही पक्षात हेच घडलं असतं. बावीस वर्षं त्यांनी सतरंज्या उचलल्या, बूथ सांभाळला, मोटारसायकलवरून मतदार याद्या वाटल्या. जिल्हा परिषदेच्या गटातून तिकीट मागितलं. इच्छुकांच्या मुलाखती झाल्या, आमच्या घरी पेढे आले, पोस्टरचा मजकूर ठरला. अर्ज भरायच्या आदल्या रात्री कळलं की एबी फॉर्म दुसऱ्याला गेला. कोणी ठरवलं, का ठरवलं, आपण कुठे कमी पडलो, हे वडिलांना कधीच कळलं नाही. 'वरून आलं' एवढंच उत्तर मिळालं. नंतरची दहा वर्षं ते एकच प्रश्न उगाळत राहिले, आणि तो प्रश्न घेऊनच गेले.

ठाणेदार 2018मध्ये हरले तेव्हा त्यांच्या हातात हिशेब होता. दोन लाख माणसांनी आपल्याला मत दिलं आणि कुठल्या भागात किती दिलं, हे त्यांना मतदान केंद्रापर्यंत माहीत होतं. पुढे ते डेट्रॉईटमधून लढले आणि 2020मध्ये निवडून आले. वडिलांना असा एक आकडा मिळाला असता, अगदी 'तुम्हाला 40 आणि त्याला 400' असा, तरी ते रात्री झोपले असते. माझं म्हणणं एवढंच आहे. तिकीट कुणाला मिळालं यापेक्षा, ज्याला मिळालं नाही त्याला कारण दिसलं पाहिजे.

पक्ष ही खासगी संघटना आहे, कुणाला उभं करायचं ते तिने ठरवावं, असं तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य आहे. हाच युक्तिवाद टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने कृष्णवर्णीयांना प्रायमरीबाहेर ठेवण्यासाठी केला होता. पक्ष खासगी, म्हणून मतदार कोण तेही पक्ष ठरवणार. तिथे त्या काळी प्रायमरी जिंकणं म्हणजेच निवडणूक जिंकणं होतं, त्यामुळे बाहेर राहिलेल्याला मताचा काही अर्थच उरत नव्हता. 1944मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला. तुमचा हेतू तसा नाही हे मला नक्की माहीत आहे. पण ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचा जोर आहे, तिथे तिकीट देणारा माणूसच आमदार नेमत असतो. मग त्याला खासगी बाब कसं म्हणायचं? असे मतदारसंघ मराठवाड्यातही तुम्हाला आठवतील.

राहिलं लातूर. 2014मध्ये काँग्रेसने देशातल्या मोजक्या लोकसभा मतदारसंघांत पक्षांतर्गत निवडणुकीने उमेदवार ठरवले, त्यात लातूर होतं. तिथे काँग्रेसचा उमेदवार मोठ्या फरकाने पडला, हे बरोबर. पण त्या वर्षी महाराष्ट्रातल्या 48 जागांपैकी काँग्रेसला नांदेड आणि हिंगोली एवढ्या दोनच मिळाल्या. दिल्लीहून ठरवलेले उमेदवारही धडाधड पडले. मग दोष एकट्या प्रायमरीचा कसा? आणि तिला प्रायमरी म्हणायचं तरी कसं? मतदान पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरतं होतं, सामान्य मतदाराच्या हातात चिठ्ठीही आली नाही. वडोदऱ्यात नरेंद्र रावत अशाच मतदानातून निवडले गेले. मग नरेंद्र मोदी तिथून उभे राहणार हे ठरलं, रावत बाजूला झाले आणि पक्षाने मधुसूदन मिस्त्री यांना उतरवलं. निवडलेल्या माणसाला बाजूला करता येत असेल, तर निवड झाली असं मी म्हणणार नाही.

तुम्ही लिहिता की तुम्ही त्या वेळी लातूरला तालुक्याच्या कार्यकारिणीत होतात. म्हणजे तुम्ही कदाचित स्वतः मत दिलं असेल. त्या दिवसाबद्दल कुठेच काही वाचायला मिळत नाही. मतदान कुठल्या सभागृहात झालं, उमेदवारांनी तुमच्यासमोर भाषणं केली का, मत देताना तुम्हाला कुणी फोन केला होता का, आणि मोजणी झाल्यावर हरलेल्यांना आकडे सांगितले का? एवढं लिहून पाठवाल का? तुमची परवानगी असेल तर ते मी जसंच्या तसं इथे छापीन.