‘गो ऑफ’ म्हणजे नेमके कुठे जायचे?

इंग्रजी क्रियापदाच्या शेपटीला ‘ऑफ’ आले की गोष्ट बंद पडते, हा नियम मी लहानपणी दिव्याच्या बटणावरून शिकलो आणि पुढे अनेक वर्षे निर्धास्तपणे वापरला. मग एका पहाटे वरिष्ठांचा इंग्रजी संदेश आला, की कार्यालयातला फायर अलार्म ‘वेंट ऑफ’. ‘बरे झाले, आता सगळ्यांना शांत झोप लागेल,’ असे उत्तर धाडून मी कूस बदलली. अलार्म ‘गो ऑफ’ होतो म्हणजे वाजू लागतो, हे मला सकाळी अत्यंत थंड आवाजात समजावण्यात आले. आग लागलेली नव्हती, हे कार्यालयाचे नशीब आणि माझेही.

त्या दिवशी मी शब्दकोश घेऊन बसलो. दिवे ‘गो ऑफ’ झाले तर विझतात, बॉम्ब झाला तर फुटतो आणि दूध झाले तर नासते. यातले दूध मला लगेच पटले, कारण नासलेले दूध मराठीतही कामातून जातेच. एखाद्या माणसाबद्दल आपण ‘गो ऑफ’ झालो, तर मात्र आपण कुठेच जात नाही. तो माणूस आपल्या मनातून उतरतो. ‘ऑफ’चा मूळ अर्थ ‘दूर’ एवढाच असल्याचे कळल्यावर तर मी कोश मिटलाच, कारण वाजणारा अलार्म भिंतीपासून तसूभरही दूर गेलेला नव्हता.

सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, परकीयांना सर्वाधिक अडचण अशाच जोडक्रियापदांची होते, असे लिहून ठेवले आहे. तेथे ‘टेक ऑफ’चा अर्थ चक्क नक्कल करणे असा दिला आहे. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही कबुली वाचून मला फार बरे वाटले.

हे गाऱ्हाणे मी मराठी शिकणाऱ्या एका परदेशी सहकाऱ्यापुढे मांडले. त्याने काही न बोलता आपली वही उघडली. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, गाणाऱ्याचा सूर लागतो, अशी पानभर यादी होती आणि तळाशी लाल शाईत प्रश्न होता: दिवा लागला म्हणजे सुरू झाला, तर दार लागले म्हणजे बंद कसे?

उत्तर द्यायला जरा वेळ लागेल, असे मी म्हणालो. त्याने तेही लिहून घेतले.