‘मैत्रिणीच्या वाढदिवसाची वाट लावली’ या १ स्टार रिव्ह्यूला पुण्यातल्या नाईट क्लबच्या मालकाचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू परवाच वाचला, पण रागाच्या भरात काहीतरी लिहून जाईन म्हणून थांबलो, आज शांतपणे लिहितोय. तुमचं म्हणणं असं की शनिवारी सहा जणी वाढदिवसाला आलात, गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवले, केकवरची स्पार्कल कँडल काढून घेतली, एक हिंदी गाणं लावा म्हटलं तर डीजेने नुसती मान हलवली, पाण्याच्या बाटलीचे १०० रुपये घेतले आणि सव्वा वाजता लाईट लावून बाउन्सरने हाकलल्यासारखं बाहेर काढलं. आणि शेवटी, मराठी माणसाचा क्लब असून रात्रभर एक मराठी गाणं नाही, लाज वाटली पाहिजे.

आधी आमचं चुकलं ते. पाण्याचं तुम्ही शंभर टक्के बरोबर बोललात, एवढ्या गर्दीत तीन तास नाचणाऱ्या माणसाकडून पाण्याचे पैसे घ्यायचे नसतात, ते मला आधीच कळायला हवं होतं. या शुक्रवारपासून बारच्या डाव्या बाजूला फिल्टरचं पाणी फुकट, ग्लास मागायचीही गरज नाही. बाउन्सरचं म्हणाल तर मी सीसीटीव्ही बघितला, त्याने तुमच्या मैत्रिणीच्या खांद्याला हात लावलाय, तो लावायला नको होता, त्याबद्दल मनापासून सॉरी. त्याला फ्लोअरवरून काढलंय आणि यापुढे क्लोजिंगला मुलींच्या ग्रुपशी फक्त लेडी बाउन्सर बोलेल. सव्वाला लाईट मात्र लागणारच, दीडची डेडलाईन आहे आणि मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर (पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव गेला तो) पुण्यात कुठले कुठले पब सील झाले ते तुम्हीही बघितलंय. दोनशे माणसं बिलं देऊन, जॅकेट शोधून, कॅबमध्ये बसेपर्यंत पंधरा मिनिटं लागतातच.

आता कँडल. यावर मी एक इंचही मागे येणार नाही. डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, तिथेही एका मुलीचा वाढदिवस चालू होता. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या क्लबमध्ये २५ जण गेले, आत फटाके उडवल्यामुळे आग लागली असं सुरुवातीच्या चौकशीत पुढे आलं. आमचं सीलिंग साउंडप्रूफिंगच्या फोमचं आहे मॅडम. पूर्वी आमच्याकडेही टेबलवर महागडी बाटली गेली की तिच्या तोंडाला ती फुलबाजी लावून चार पोरं मिरवत न्यायची, फोमला एकदा काळा डाग पडला, हाताएवढा, तेव्हापासून बंद. तो डाग मी मुद्दाम रंगवलेला नाही, नवीन स्टाफ आला की आधी तो दाखवतो.

त्याच सुमाराला डीजेच्या समोरची चार व्हीआयपी टेबलंही काढली. शनिवारचा निम्म्याच्या वर गल्ला त्या चार टेबलांचा होता. नोव्हेंबर २०२३ ला बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, २०२५ ला एक्साईज वाढला, वर ही नवी पोरं आमच्यासारखी पीत नाहीत, सकाळी कॅफेत कॉफी पिऊन नाचतात (आणि मला ते आवडतं, खरंच). म्हणून ८०० रुपये एंट्री आहे, ती रिडीमेबल नाही, म्हणजे बिलातून वजा होत नाही, त्यातून डीजेचे आणि साउंडवाल्याचे पैसे निघतात. पण टेबलं होती तेव्हा मधे सोफ्यावर बसलेली माणसं, आणि नाचायला आलेली पोरं कडेने भिंतीला टेकलेली, असा तो फ्लोअर होता. क्लब कशासाठी काढला होता असं मीच मला विचारायचो. मी २००७-०८ ला शनिवारी शिवनेरी पकडून मुंबईत लोअर परेलच्या ब्लू फ्रॉग या लाईव्ह म्युझिकच्या क्लबला जायचो, पहाटे दादरला चहा पिऊन परत. ती जागा २०१६ ला बंद झाली तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं होतं, आणि पुण्यात अशी एक जागा असावी एवढ्याच वेडापायी हे सगळं उभं केलं.

स्टिकरचं सांगतो. बर्लिनचे क्लब करतात म्हणून आम्ही केलं असं तुम्ही लिहिलंय, तसं नाहीये. एक मुलगी कॉलेजला असल्यापासून दर शुक्रवारी यायची, एकटी, उजव्या स्पीकरपाशी डोळे मिटून नाचायची, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कोणीतरी तिचा व्हिडिओ काढून रील टाकलं, खाली काय काय घाण कमेंट आल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती परत आलीच नाही. तो लाल गोल कागदी स्टिकर नखाने निघतो, गमही राहत नाही, आणि केकचे फोटो बाहेर पायऱ्यांवर हवे तेवढे काढा, तिथे मी मुद्दाम चांगला लाईट लावलाय. हे गेटवर तुम्हाला नीट सांगायला हवं होतं, ते कोणी सांगितलं नाही, ही चूक आमची.

आणि मराठी. हे सगळ्यात जास्त लागलं. हळदीला, गणपतीत फर्माईशीची गाणी लागतात तेव्हा मीही शर्ट भिजेपर्यंत नाचतो, पण इथे डीजे तीन तासांचा सेट बांधतो, मधेच एक गाणं घुसवलं की मागचा तासभर वाया जातो. आणि हे इलेक्ट्रॉनिक म्युझिक परदेशी म्हणालात, तर १९८२ ला मुंबईतच चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या टीबी ३०३ (बेस सिंथेसायझर) आणि टीआर ८०८ (ड्रम मशीन) वर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती, त्याच मशिनवर बनलेलं शिकागोचं ॲसिड हाऊस हे डान्स म्युझिक यायच्या काही वर्षं आधी. तेव्हा कोणी विचारलं नाही, २०१० ला ती परत निघाली तेव्हा जगभर लोक चाट पडले.

शनिवारी साडेबाराला खालून तो कडकडाट सुरू झाला आठवतंय? ती हलगी होती. आमची रेसिडेंट डीजे कोल्हापूरची आहे, तिने गावाकडच्या एका काकांकडून हलगी शेकून ताणून घेतली, त्यांच्या अंगणात बसून रेकॉर्ड केली आणि १२६ बीपीएमला (मिनिटाला १२६ ठोके) बसवली, दोन महिने त्यावर काम करत होती. तुमचा ग्रुप तेव्हा अगदी पुढे होता आणि तुमच्या वाढदिवसवाल्या मैत्रिणीने दोन बोटं तोंडात घालून जी शिट्टी मारली ती मी बारपाशी ऐकली. तुम्ही सहाही जणी नाचत होतात.

रविवारी ४ ते १० दिवसाची पार्टी असते, गर्दी कमी, क्लोजिंगची घाई नाही. सहाही जणींची एंट्री माझ्याकडून, गेटवर रिव्ह्यू दाखवा आणि मला बोलवा. केक आणा, साधी मेणबत्ती बाहेर पायऱ्यांवर लावू.