"गटार दिली की खूश" या कमेंटला उत्तर

मागच्या आठवड्यात मी आमच्या बोळातल्या कामांवर लिहिलं होतं. आमदार निधीतून झालेली ड्रेनेज लाईन, तिच्यावर केलेला काँक्रीट रस्ता आणि कोपऱ्यावरचा हायमास्ट दिवा. त्यावर एका वाचकांची भलीमोठी कमेंट आलीय. त्यांचं म्हणणं असं, की आमदाराचं काम विधानसभेत कायदे करायचं, गटारी महापालिकेनं बघायच्या. पैसा जनतेचा, मग आमदाराचे आभार कशाला. रस्ता वर्षाच्या आत परत खोदला त्याच्यावर लेखात एक ओळ नाही, पाणी चार-पाच दिवसाआड येतं त्याच्यावर नाही. आणि शेवटी, "तुमच्यासारख्या लोकांना गटार दिली की खूश, म्हणून सोलापूर आहे तिथंच आहे."

आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो. मी "आमदारांनी पैसे दिले" असं लिहिलं ते चूक. आमदाराच्या हातात रुपया येत नाही, ते कामाचं पत्र देतात, पत्र कलेक्टर ऑफिसात जिल्हा नियोजनकडं जातं, मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर. ते वाक्य दुरुस्त केलंय.

आता ते शेवटचं वाक्य. "तुमच्यासारख्या लोकांना" म्हणजे कुणाला ओ? दोन दिवस झाले हे डोक्यातून जाईना. तुम्ही मुद्दा मांडा, चुका दाखवा, मी कधी कुणाची कमेंट उडवली नाही. पण ही काय बोलायची पद्धत झाली? ज्याच्या दारात जन्मापासून ड्रेनेजचं चेंबर आहे ना, त्यालाच गटार ही हलकी गोष्ट वाटते.

आमचं घर हद्दवाढ भागातलं. १९९२ ला हद्दवाढ झाली, साधारण ३३ चौरस किलोमीटरचं शहर एकदम १७८ चं झालं, आजूबाजूची गावं कागदावर शहरात आली. घरपट्टी आली, ड्रेनेज नाही आलं. प्रत्येक घराचा शोषखड्डा, पावसाळ्यात ते सगळे एकदम भरायचे आणि ते पाणी, म्हणजे कसलं पाणी ते मी लिहित नाही, उंबरा ओलांडून घरात.

आई विड्या वळायची. हजार विड्यांवर मजुरी, पान-तंबाखू कारखान्यातनं मोजून मिळायचा. मी सातवीत होतो, रात्री कधी पाणी शिरलं कळलंच नाही, सकाळी बघतो तर खाली ठेवलेलं सूप, वळून ठेवलेल्या विड्या, कापलेली पानं, तंबाखू, सगळं त्या पाण्यात. आईनं पत्र्यावर वाळत घातलं, वास काही जाईना. कारखान्यात घेतलं नाहीच, वर पान-तंबाखूचे पैसे मजुरीतनं कापले. आई त्या दिवशी रडली नाही, नुसती घर पुसत राहिली, तीन वेळा पुसलं. मी अजून ते विसरलो नाही आणि तुम्ही म्हणता गटार दिली की खूश. हो, खूश आहे. पहिल्या पावसात घर कोरडं राहिलं तेव्हा आई रात्री दोनदा उठून उंबऱ्याला हात लावून बघून आली.

वडिलांनी किती अर्ज दिले त्याच्या पोचपावत्या अजून ट्रंकेत आहेत. एका ऑफिसात तर साहेबानं अर्ज हातात घ्यायच्या आधीच सांगितलं, तुमचा भाग प्लॅनमध्ये नाही. वडील गेले, अर्ज तसेच राहिले. तेव्हा कुठं होते हे "महापालिकेनं करायचं" म्हणणारे?

आणि महापालिकेचं म्हणता तर २०२२ च्या मार्चात नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले. मग दारात कुणाला बोलवायचं? आम्ही बोळातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन आमदारांच्या ऑफिसात पाच चकरा मारल्या, पाचव्या वेळी ते स्वतः भेटले, चप्पल काढून त्या चिखलात उतरून बघून गेले. २०२२ पासून एका आमदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी आहे, मतदारसंघात मतदार तीन लाखांच्या वर, भागून बघा, मतदारामागं दीडशे-एकशेसाठ रुपये येतात. एवढ्यात अख्खा मतदारसंघ बघायचा आणि त्यात आमच्या बोळाचा नंबर लागला. म्हणून आभार मानले, परत मानीन. मी त्यांच्या पक्षाचा नाही, कुठल्याच पक्षाचा नाही.

कायदे करण्याचं तुमचं म्हणणं पुस्तकात बरोबर असेल, त्याच्यावर मी वाद घालत नाही. रस्ता खोदला तो पाण्याच्या पाईपसाठी, ते खातं वेगळं, तो विषय वेगळा. आणि उजनी धरणातनं शहराला येणाऱ्या पाण्याचं इथं काढलंच कशाला, धरण शंभर किलोमीटरच्या पुढं आणि माझा लेख एका बोळावर.

तुम्हाला वाटत असेल मी फार मनाला लावून घेतलं. घेतलंय. तुम्ही कुठल्या भागात राहता मला माहीत नाही, पण एकदा आमच्याकडं या, कमेंटमध्ये नको, समोर बसून बोला. चहा पाजतो, आणि हेच वाक्य आमच्या बोळातल्या बायकांसमोर म्हणून दाखवा.

कमेंट उडवलेली नाही, आहे तशी ठेवलीय. आई लेखाखालच्या सगळ्या कमेंट माझ्याकडनं वाचून घेते. ही तेवढी वाचून दाखवली नाही.