रेघा दिसल्या म्हणून लगेच कार्ड गेलं?

गेल्या पंधरवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मजकूर तिघांनी टाकला. त्याचा मथितार्थ असा: जुन्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर रेघा, ठिपके किंवा लुकलुक दिसली की ग्राफिक कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) गेलं समजा. आधी फॉरमॅट मारा (सगळं पुसून विंडोज नव्याने टाका), मग मदरबोर्डचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचा, सेल बदला, नाहीच जमलं तर कार्ड ओव्हनमध्ये भाजा. तेही फसलं तर डबा, म्हणजे मॉनिटर सोडून उरलेली कॉम्प्युटरची पेटी, भंगारात द्या, कारण विंडोज १० आता बंद झालंय. खाली जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

माझा कॉम्प्युटर २०१३ सालचा. ठाण्यात नौपाड्यातल्या घरात त्याने यातली बहुतेक नाटकं करून दाखवली आहेत. म्हणून पुढे न पाठवता उत्तर लिहितोय.

‘रेघा म्हणजे कार्ड गेलं’ हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. दोन पावसाळ्यांपूर्वी माझी स्क्रीन अचानक पिवळी पडली. मेकॅनिकने फोनवरच निदान केलं: कार्ड गेलं, साडेतीन हजार होतील. गंमत अशी की माझ्या डब्यात वेगळं ग्राफिक कार्डच नाही! घरातल्या आणि ऑफिसातल्या कितीतरी जुन्या डब्यांत ते नसतं. चित्र काढायचं काम प्रोसेसरच्याच पोटातला भाग करतो. माझं दुखणं निघालं व्हीजीए केबलमध्ये, म्हणजे डब्यातून मॉनिटरकडे चित्र नेणाऱ्या वायरीत. तिच्या टोकाला १५ पिना असतात, त्यातल्या पहिल्या तीन लाल, हिरवा आणि निळा रंग नेतात. निळ्याची पिन दबली की पांढरं ते पिवळं दिसतं, हिरव्याची गेली की गुलाबी-जांभळं, लालची गेली की निळसर हिरवं. माझी तिसरी पिन आत गेली होती. केबल आली दीडशे रुपयांत. (मधल्या ओळीत एखादी पिन मुळातच नसली तर घाबरू नका, अनेक केबलींत नववी पिन कारखान्यातूनच नसते.)

कार्डावर आळ घेण्याआधी मॉनिटरचं मेन्यूचं बटण दाबा. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची ती चौकट मॉनिटर स्वतः काढतो, डब्याचा तिच्याशी संबंध नाही. रेघा चौकटीवरूनही जात असतील तर दोष मॉनिटरचा. चौकट स्वच्छ आणि मागचं चित्र फाटलेलं असेल तर केबल किंवा डबा तपासायचा. मग प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून ते चित्र मोबाइलवर पाठवा. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो नव्हे, आमच्या ग्रुपवर दोघांनी तोच पाठवला! मोबाइलवरही तोच कचरा दिसला तर मॉनिटर आणि केबल सुटले, कारण चित्र त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच ते टिपलेलं असतं. चित्र स्वच्छ आलं तर मात्र डबा पूर्ण सुटत नाही. केबल लावायच्या सॉकेटमध्येही खोट असू शकते.

आता फॉरमॅट. विंडोज सुरू व्हायच्या आधी कंपनीचा लोगो येतो ना, रेघा तिथेच दिसत असतील तर विंडोजचा काय गुन्हा? फॉरमॅट मारून फक्त फोटो आणि हिशेबाच्या फायली जातील. रेघा विंडोज आल्यावरच येत असतील तर ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोज आणि ग्राफिकचा भाग यांची गाठ घालून देणाऱ्या प्रोग्रॅमवर, संशय घ्यायला जागा आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की ग्राफिकचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. क्षणभर स्क्रीन काळी होते, तेवढंच. लुकलुक असेल तर टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून ठेवा. तोही लुकलुकला तर संशय ड्रायव्हरवर, तो स्थिर राहून बाकीचंच लुकलुकलं तर एखाद्या प्रोग्रॅमवर. यासाठी सगळं पुसायची काय गरज?

सेलबद्दल एवढंच: तो ३ व्होल्टचा, तारीख-वेळ आणि बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग्ज सांभाळतो. घड्याळ मागे पडत असेल तर जरूर बदला. रेघा त्याने जाणार नाहीत.

त्यापेक्षा रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी असलेली पट्टी, काढून पाहा. वेगळं कार्ड नसलेल्या डब्यात चित्रासाठी जागा रॅममधूनच घेतली जाते, त्यामुळे रॅमचा संपर्क सैल झाला की थेट स्क्रीनवर चौकडी आणि रंगीत चिंध्या दिसतात. खाडीकाठच्या आमच्या दमट हवेत जुलै-ऑगस्टमध्ये हे मी दोनदा अनुभवलंय. वायर भिंतीतून काढायची, रॅम बाहेर घ्यायची, सोनेरी पट्ट्यांवर साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, चुरा झटकायचा आणि खट् आवाज येईपर्यंत परत बसवायची. एसएमपीएस (डब्यातली वीजपुरवठ्याची पेटी) आणि मॉनिटर मात्र उघडू नका. बंद केल्यावरही त्यांच्या कॅपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांत) झटका देण्याइतकी वीज राहते.

ओव्हनचा सल्ला वाचून मी खरंच कपाळाला हात लावला. भाजून कार्डावरचे सुटलेले जोड पुन्हा जुळावेत ही कल्पना, पण त्या जोडांतला धातू, म्हणजे शिसं नसलेलं सोल्डर, साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळतं. त्या तापमानात कार्डावरचं प्लास्टिक आणि कॅपॅसिटर काय म्हणतील? भाजलेली काही कार्डं थोडे दिवस चालतात हे खरं, पण बिघाड बहुधा चिपच्या आत असतो, तो परत डोकं वर काढतो. आणि त्याच ओव्हनमध्ये उद्या नानकटाई करायची असते.

मजकुरात थोडं खरंही आहे. व्हिडिओ किंवा गेम सुरू केल्यावर काही मिनिटांतच ठिपके येत असतील तर कार्ड तापतंय. घोडबंदर रोडच्या बाजूला बांधकामाची धूळ पंख्यात कशी साठते ते वेगळं सांगायला नको. पंखा साफ करून, चिपची उष्णता बाहेर नेणारी वाळलेली थर्मल पेस्ट बदलूनही ठिपके राहिले, तर कार्ड गेलं म्हणायला हरकत नाही.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही बरोबर. पण त्याचा अर्थ नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले, कॉम्प्युटर नाही. अपडेट नसताना त्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मीही सांगेन. रेघांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

काल तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, ‘अरे, स्क्रीन दोन सेकंद येते आणि काळी होते, डबा टाकून देऊ का?’ मी त्यांना अंधार करून काळ्या स्क्रीनवर तिरकी टॉर्च मारायला सांगितलं. ‘अगंबाई, नातवाचा फोटो दिसतोय की पुसट!’ म्हणजे चित्र येतंय, गेलाय तो मॉनिटरच्या मागचा उजेड. आज संध्याकाळी माझा जुना मॉनिटर घेऊन वर जाणार आहे.