‘काही घडतच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी कार्यालयात डबा खाताना एका तरुण सहकाऱ्याने सांगितले की, त्याने चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ काल रात्री नेटफ्लिक्सवर पाहिला, आणि तोही दीडपट वेगाने, कारण ‘नॉर्मल स्पीडला फारच स्लो आहे, काही घडतच नाही’. टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. एकीने तर मालिकासुद्धा आपण अशाच संपवतो असे सांगितले. मी तिथे काही बोलले नाही, पण दिवसभर ती गोष्ट डोक्यातून गेली नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी ‘द डिसायपल’ पाहिला आहे, त्यांना आठवत असेल की शरद नेरुळकर हा गायनाचा विद्यार्थी रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवत असतो, त्याच्या कानात माईंच्या, म्हणजे त्याच्या गुरुजींच्या गुरूंच्या, जुन्या ध्वनिमुद्रित व्याख्यानांचा आवाज असतो आणि मागे तानपुरा चालू असतो. माईंचा तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. ही दृश्ये दिग्दर्शकाने मुद्दाम मंदगतीने दाखवली आहेत. एखाद्याने ठरवून मंद केलेले दृश्य आपण अंगठ्याने दीडपट करायचे आणि मग ते संथ होते अशी तक्रार करायची, याला काय म्हणावे? शिवाय हा चित्रपट शास्त्रीय संगीतातल्या ख्यालगायकीविषयी आहे. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन पुरे व्हायला कधी कधी पाऊण मिनिट, कधी जवळजवळ एक मिनिट लागते, आणि गायक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो हे त्या अवधीतच कळते. आजचे तंत्रज्ञान असे आहे की वेग वाढवला तरी आवाजाची पट्टी तीच राहते, त्यामुळे ऐकणाऱ्याला आपण काही बिघडवले आहे हे जाणवतही नाही. शरदची भूमिका करणारे आदित्य मोडक आणि गुरुजींच्या भूमिकेतले अरुण द्रविड हे दोघेही प्रत्यक्ष गायक आहेत. त्यांनी आयुष्यभर जी लय सांभाळली, ती आपण जेवणानंतरच्या फावल्या वेळात मोडतो.

हा चित्रपट २०२० मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता आणि त्याला पटकथेचे पारितोषिक मिळाले, पण पारितोषिकांचा आधार घेऊन मला वाद घालायचा नाही. पारितोषिक नसते तरी मी हेच म्हटले असते.

नेटफ्लिक्सने मोबाइलवर ही वेग बदलण्याची सोय २०२० मध्ये आणली. त्याआधी तिची चाचणी चालू असतानाच ब्रॅड बर्ड, जड ॲपटाऊ यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी जाहीर विरोध केला होता. अंध आणि कर्णबधिर प्रेक्षकांच्या संघटनांनी मात्र या सोयीचे स्वागत केले होते, आणि त्यांच्यासाठी ती असावी हे मला मान्य आहे. डोळे आणि कान शाबूत असलेल्या माझ्या सहकाऱ्याने तिचा असा उपयोग करावा, हे मला मान्य नाही.

मला हे इतके का लागले, ते सांगायचे तर माझ्या आत्याविषयी सांगावे लागेल.

२०२५ च्या मार्चमध्ये ‘स्थळ’ प्रदर्शित झाला, तेव्हा मी आत्याला घेऊन गेले. आत्या हिंगणघाटकडची, पंचाहत्तरी उलटलेली, चित्रपटगृहात जाणे बंद होऊन कितीतरी वर्षे झालेली. जयंत सोमलकर यांनी हा चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, म्हणजे आपल्या स्वतःच्याच गावात चित्रित केला आणि बहुतेक भूमिका गावातल्याच, आधी कधी अभिनय न केलेल्या माणसांना दिल्या. टोरंटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. आत्याला यातले काही ठाऊक नव्हते. तिला एवढेच सांगितले होते की आपल्याकडची बोली आहे, तुला आवडेल.

चित्रपट मुली पाहण्याच्या कार्यक्रमाविषयी आहे. सविता शिकते आहे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आहे, तिच्या वडिलांच्या घरात चांगल्या दराची वाट पाहणारा कापूस आहे, आणि एकामागून एक पाहुणे येतात. पुरुषांच्या रांगेसमोर तिला बसवतात आणि विचारतात : नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पुढच्या वेळी पुन्हा तेच प्रश्न, त्याच क्रमाने.

पहिला कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आत्या खुर्चीत सावरून बसली. तिने पदर खांद्यावरून पुढे ओढला आणि दोन्ही पावले खुर्चीखाली घेतली. हातातल्या तिकिटाची ती सुरळी करत होती. पडद्यावर प्रश्न आला आणि सविताने उत्तर देण्याआधी क्षणभर जी शांतता होती, तेवढ्यात आत्याच्या ओठांतून तिचे स्वतःचे नाव आले. सासरचे नव्हे, लग्नापूर्वीचे. ते नाव मी त्याआधी कधीच ऐकले नव्हते, कारण माझे वडील तिला नेहमी ‘बाई’ म्हणत आणि बाकी सगळे सासरच्या नावाने ओळखत. ती मला ऐकवण्यासाठी बोलली नव्हती. आपण बोललो हेही तिला कळले असेल असे मला वाटत नाही.

आता मला सांगा, त्या शांततेत ‘काही घडत नव्हते’ का?

दीडपट वेगात ती जागा उरत नाही. प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर येते, संवाद समजतात, कथा समजते, शेवट समजतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की आपण चित्रपट पाहिला. त्याने फक्त माहिती गोळा केलेली असते. ज्या क्षणात प्रेक्षकाने स्वतःचे काहीतरी आणून ठेवायचे असते, तोच क्षण तो वाचवलेला वेळ म्हणून खिशात घालतो. आणि एवढा वाचवलेला वेळ जातो कुठे? पंधरा-पंधरा सेकंदांच्या चित्रफिती पाहण्यात. मग कृपा करून ‘आम्हाला वेळ नसतो’ असे म्हणू नका, कारण रात्री एक वाजता तुमच्या नावासमोरचा हिरवा ठिपका मला दिसतो.

काही चित्रपट खरोखरच रटाळ असतात, हे मी नाकारत नाही. महोत्सवात चालेल म्हणून भिंतीकडे पाच मिनिटे बघत बसलेला नायक दाखवणारे दिग्दर्शक आहेत आणि त्यांचे समर्थन मी करणार नाही. पण तो चित्रपट वाईट आहे म्हणून बंद करावा, त्याला दीडपट पळवून पाहिलेल्यांच्या यादीत टाकू नये.

ताम्हाणे यांचाच ‘कोर्ट’ मी मागच्या महिन्यात पुन्हा पाहिला. त्यातली सरकारी वकीलबाई खटल्यात एका लोकशाहिराविरुद्ध कलमांमागून कलमे वाचते, आणि तीच बाई लोकलने घरी जाताना शेजारणीशी ऑलिव्ह तेलाविषयी बोलते, मुलाला घेते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णी यांनी ते इतके साधेपणाने केले आहे की ती आपल्याच इमारतीतली बाई वाटते. कथेच्या हिशेबाने त्या लोकलच्या प्रवासाची काही गरज नाही. कापला तरी खटला तसाच चालेल. पण तो प्रवास पाहिल्यानंतर आपण तिच्यावर सरळपणे रागावू शकत नाही, आणि आरोपी नारायण कांबळे तुरुंगात आहे हेही विसरू शकत नाही, ही अडचण दिग्दर्शकाने आपल्या पदरात टाकली आहे. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, माणसे निघून जातात, एकेक दिवा मालवला जातो आणि कॅमेरा त्या अंधाऱ्या दालनातून हलत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना वाटले की चित्रपट तिथेच संपला, म्हणून त्यांनी तो बंद केला, आणि त्यानंतर सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशाचे जे दृश्य येते ते पाहिलेच नाही. ते आजही ‘कोर्ट’विषयी ठामपणे मत देतात.

‘फँड्री’तले राष्ट्रगीताचे दृश्यही घ्या. डुकरामागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर समोरून निघून जाते. त्या घरातला मुलगा जब्या, त्याच्या बापाच्या, म्हणजे किशोर कदम यांच्या चेहऱ्यावर जे आहे ते पाहायला राष्ट्रगीताचा पुरा वेळ लागतो. ते दृश्य तुम्ही पळवून पाहणार आहात का? राष्ट्रगीत दीडपट वेगाने ऐकणार आहात का?

लिहिता लिहिता माझा आवाज चढला आहे, हे मला कळते. तो मुलगा वाईट नाही. दिवसाचे दहा तास काम करतो, दोन तास प्रवास करतो, आणि सगळ्यांनी पाहिलेले आपण पाहिले नाही तर दुपारच्या गप्पांत आपल्याला जागा नाही, अशी भीती त्याच्या पिढीला घातली गेली आहे. ‘पाहायलाच हवेत असे’ म्हणून याद्या काढणारे आपणच आहोत. त्याच्या जागी मी असते तर कदाचित माझाही अंगठा त्या बटणाकडे गेला असता. पण मला त्याला त्या चित्रपटगृहात आत्याच्या शेजारी बसवायचे होते, एवढे खरे.

मध्यंतरात आत्या काही खायला नको म्हणाली. चित्रपट संपल्यावर ऑटोत बसलो आणि ती समोर बघत म्हणाली, “मले वेणी सोडून केस दाखव म्हनले होते. चालून दाखव म्हनले होते. तुह्या आजोबानं काही नाही म्हटलं.” मग रंगावरून नकार देणाऱ्या घरांची गावे तिने एकामागून एक सांगितली, वर्धा, पुलगाव, वरोरा, अशी सहजपणे की जणू बसचे थांबे सांगते आहे. शेवटी एका बिजवराशी लग्न ठरले, ते आमचे मामाजी. ते फार भले गृहस्थ होते, आणि हे आत्याने त्याही दिवशी आवर्जून सांगितले. पण इतक्या वर्षांत ती या विषयावर कोणाशीही बोलली नव्हती, माझ्या वडिलांशीही नाही. तिला बोलते करायला ना एखादे भाषण लागले, ना स्त्रीमुक्तीवरचा लेख. एका मुलीला तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जाताना पाहणे, आणि ते पुरेसा वेळ पाहणे, एवढे पुरले. तिसऱ्या-चौथ्या वेळी कंटाळा येतो, हे अगदी खरे आहे. सविताला तो कंटाळा येऊ द्यायचा आणि आपल्याला मात्र येऊ द्यायचा नाही, हे कसे चालेल?

२०२५ च्याच सप्टेंबरमध्ये रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आला, तो मात्र मी एकटीनेच पाहिला. अमेरिकेतल्या सनडान्सच्या महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला हा पहिला मराठी चित्रपट, आणि आमच्या भागात त्याचे खेळ इतके थोडे की अर्धा दिवस रजा टाकावी लागली. वडिलांच्या दहाव्यापर्यंत गावी राहिलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांच्यातले प्रेम त्यात आहे, आणि सुतकाचे दहा दिवस जसे जातात तसाच तो चित्रपट जातो. ज्याच्या घरात सुतक पाळले गेले आहे त्याला ठाऊक आहे की ते दिवस कोणालाही पळवता येत नाहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण आनंदच्या लग्नाचा विषय काढतो, आणि त्याच्या आईच्या भूमिकेतल्या जयश्री जगताप ज्या शांतपणे मुलाच्या बाजूला उभ्या राहतात, त्याला माझ्या मते त्या वर्षीच्या कोणत्याही अभिनयाची सर नाही. दोन पुरुषांचे प्रेम म्हणून ज्यांनी नाके मुरडली त्यांच्याशी मला आज बोलायचे नाही, माझ्या मित्रयादीत ते नसावेत अशी आशा आहे. आत्याला हा चित्रपट दाखवायचा की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही. मी तिला गोष्ट सांगितली तेव्हा तिने फक्त विचारले, “मायले मालूम होतं का?” मी हो म्हटले. “मंग काय,” ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

आणखी एक गोष्ट राहिली, ती याच रागाची आहे. ‘स्थळ’ संपल्यावर नामावली सुरू झाली तेव्हा आत्या उठायला तयार नव्हती. ती माणसे आपल्याकडचीच आहेत हे तिने बोलण्यावरून ओळखले होते आणि तिला आडनावे वाचायची होती. ती चष्मा पुसून वाचायला लागली आणि तेवढ्यात सगळे दिवे लावले गेले, पडद्यावरची अक्षरे फिकी पडली, सफाईची मुले झाडू घेऊन रांगांमध्ये शिरली. त्या मुलांचा दोष नाही, पुढच्या खेळाआधी त्यांना मोजकीच मिनिटे मिळतात. घरी पाहावे तर ओटीटीवर नामावली कोपऱ्यात आक्रसते आणि काही सेकंदांत पुढचे काहीतरी सुरू होते. ज्यांनी शेतातली कामे बाजूला ठेवून त्या चित्रपटात कामे केली, त्यांची नावे वाचण्याएवढा वेळही आपण ठेवलेला नाही. नामावली संपेपर्यंत दिवे लावू नयेत, अशी लेखी विनंती मी त्या चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकांना मार्चमध्येच दिली होती आणि त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. उद्या दुसरे पत्र देणार आहे. ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी खाली कळवावे.