‘रॅमसुद्धा हाताने लिहावी लागते’ म्हणे!

लातुरात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्यांत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘निक्सओएसच्या नादी लागू नका. प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळं फाईलीत हाताने लिहावं लागतं. एक अक्षर चुकलं की मशीन फॉरमॅट. लावायचंच असेल तर एका मशीनची फाईल बनवा आणि सगळीकडे तीच टाका.’

निक्सओएस म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार; त्यात मशीनची सगळी मांडणी फाईलीत लिहिलेली असते. पण हाताने कोण लिहितंय? इन्स्टॉल करताना ‘निक्सओएस-जनरेट-कॉन्फिग’ ही कमांड दिली की ती मशीन चाचपते आणि ‘हार्डवेअर-कॉन्फिगरेशन’ नावाची फाईल स्वतःच तयार करते. डिस्क वाचायला लागणारी कर्नल मॉड्यूल्स (सिस्टिमच्या गाभ्याला जोडले जाणारे ड्रायव्हर), माउंट केलेली, म्हणजे वापरासाठी जोडलेली पार्टिशनं (डिस्कचे भाग), सगळं त्यात येतं. वर सूचनाही असते की ही फाईल बदलू नका. रॅमचं तर त्यात नावही नसतं. गंजगोलाईजवळून आणलेली चार जीबीची जुनी पट्टी मी खोचली, मशीन चालू केलं, दिसली.

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासाठी कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर हवा असेल तर मात्र दोन-तीन ओळी आपल्याला लिहाव्या लागतात, आणि मुक्त नसलेलं सॉफ्टवेअर चालेल असंही सांगावं लागतं. तेवढं खरं.

पण खरा घोटाळा त्या शेवटच्या सल्ल्यात आहे. तो मीही एकदा ऐकला. पहिल्या मशीनची हार्डवेअर फाईल तिसऱ्यावर टाकली, ‘निक्सओएस-रीबिल्ड बूट’ (नवी मांडणी पुढच्या रीस्टार्टपासून लावणारी कमांड) केलं, रीस्टार्ट. काळ्या पडद्यावर एकच ओळ: अमुक यूयूआयडीच्या (म्हणजे ओळख क्रमांकाच्या) डिस्कची वाट पाहतोय. ती डिस्क बिचारी पहिल्या टेबलावर! प्रत्येक पार्टिशनचा यूयूआयडी वेगळा असतो, फाईलीत तोच लिहिलेला असतो, मग सापडणार कुठून?

आणि ‘फॉरमॅट’चं म्हणाल तर त्या दिवशी पेन ड्राइव्हसुद्धा शोधावा लागला नाही. बटण दाबून बंद केलं, बूट मेन्यूत आधीची जनरेशन (प्रत्येक बदलाआधीची जपून ठेवलेली सिस्टिमची मांडणी) निवडली, मशीन उघडलं. मुलांच्या फाईली जागच्या जागी. फक्त जागा वाचवायला जुन्या जनरेशन सरसकट पुसून टाकू नका, मग मेन्यूत निवडायला काही उरत नाही. आणि ही सोय बॅकअप नव्हे. मुलाने स्वतःची फाईल उडवली तर ती जुन्या जनरेशनमधून परत येत नाही.

आता प्रोग्राम, युजर, लोहित देवनागरी फॉन्ट हे सगळं एका सामाईक फाईलीत ठेवलंय. हार्डवेअरची फाईल ज्याची त्याला. कॅबिनेटवर मार्करने जो नंबर टाकलाय, तेच फाईलीचं नाव.